वजन नाही, चढ नाही

'तुमच्या धंद्याविषयी लिहा' असा या अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा त्यांनी तीन पाने देऊ केली. मी सहा मागितली. साडेचारवर ठरले. सवय जात नाही. गोव्यातल्या आमच्या डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात मी भाजीची जुडीसुद्धा पहिल्या भावाने घेतलेली नाही, आणि माझ्या गॅरेजात पहिल्या भावाने काम देऊन गेलेले गिऱ्हाईक मला आठवत नाही. पुढे जी गोष्ट सांगणार आहे, तिचे मूळही घासाघिशीतच आहे.

मी कुठे शिकलो, कोणाच्या हाताखाली राबलो, ते सांगत बसत नाही. सर्वणला आमची थोडी शेती. खनिजाच्या ट्रकांखाली पाठ टेकून मी पाना धरायला शिकलो, आणि खाणी बंद पडून ट्रक जागच्या जागी उभे राहिले तेव्हा स्कूटरकडे वळलो. ट्रकवाले मेस्त्री तेव्हा मला हसले. "आता खेळणी दुरुस्त करतलो," असे म्हणणारे दोघे पुढे आपापल्या बायकांच्या स्कूटर घेऊन माझ्याच दारात आले. त्यांना मी रांगेत उभे केले. राग माझ्या नाकावर असतो हे डिचोलीत सगळ्यांना माहीत आहे.

माझे नाव झाले ते लहान स्कूटरच्या इंजिनाचा दम वाढवण्यात. कोणी येऊन 'ताकद वाढवा' असे म्हणत नाही. म्हणतात, "मेस्त्री, गाडी चढार रडता." बाहेरच्या माणसाला कळावे म्हणून सांगतो. इंजिन म्हणजे एक नळकांडे आणि त्यात वरखाली होणारा पिस्टन. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोल ओढून घेतो, वर येताना ते दाबतो, ठिणगी पडते आणि भडका त्याला पुन्हा खाली ढकलतो. नळकांडे रुंद केले आणि पिस्टन मोठा घातला की एका घोटात जास्त हवा-पेट्रोल येते, ढकलण्याला जोर जास्त मिळतो. लोकांना वाटते, झाले. पण मग कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे भोक, मोठा लागतो, नाहीतर इंजिन उपाशी राहून तापते. पट्टा आणि क्लचच्या स्प्रिंगा बघाव्या लागतात. पट्टा सरकवणारे छोटे रोलर असतात, ते हलके घातले की गाडी चढाला जोर धरते, पण सपाटीवरची धाव थोडी कमी होते. दोन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, हे पटवण्यातच माझे निम्मे आयुष्य गेले. सगळ्यात शेवटी ब्रेक. ब्रेकचे नाव काढले की गिऱ्हाईक म्हणतो, ते पुढच्या वेळी बघू. मी म्हणतो, मग इंजिनसुद्धा पुढच्या वेळी.

कागदावर इंजिनाचा जो आकडा आहे त्याच्यापेक्षा कितीतरी मोठे इंजिन करून मागणारेही येतात. ते कायद्यात बसत नाही आणि गाडीच्या हाडांनाही सोसत नाही. झिजलेले नळकांडे कापून एक नंबर मोठा पिस्टन घालायचा, नळकांड्यावरचे झाकण, ज्याला आम्ही डोके म्हणतो, ते घासून साफ करायचे, रोलर जुळवायचे, ही माझी हद्द. तेवढ्यानेही म्हातारी स्कूटर पुन्हा तरणी होते.

आणि कधी तेवढेही लागत नाही. मुळगावचे एक निवृत्त गुरुजी आले. गाडी ओढत नाही, मोठा पिस्टन घाला म्हणाले. मी एअर फिल्टरचे झाकण उघडले. आत ओंजळभर तांबडी धूळ. खाणीच्या रस्त्यावरून रोज जाणारी गाडी, तिला श्वासच घेता येत नव्हता. फिल्टर बदलला, कार्बोरेटर धुतला, गाडी उडाली. गुरुजींचा विश्वास बसेना. "तू आत काहीतरी ट्रकचे घातले आहेस," म्हणाले, आणि आजही मुळगावात तसेच सांगतात. मी कधी खोडून काढले नाही, कारण त्यांच्यामुळे अकरा गिऱ्हाइके आली. पण त्या दिवशी मी स्वतःसाठी एक नियम केला. उघडून बघितल्याशिवाय बोलायचे नाही.

हा नियम मी एकदाच मोडला.

दुसरा नियम नव्या इंजिनाच्या पहिल्या दिवसांचा. लेथवाला नळकांडे कापतो तेव्हा आतून बारीक तिरक्या रेघा ठेवतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा त्या रेघांवर घासून आपापली जागा करून घेतात. पहिल्या काही शे किलोमीटरांत गाडी कशी चालवली, यावर पुढची दहा वर्षे ठरतात. म्हणून माझ्या गॅरेजची पद्धत अशी की इंजिनाचे काम झाले की गाडी दोन दिवस मी स्वतः चालवायची. सर्वण, मुळगाव, मयेच्या तळ्यापर्यंत आणि परत. थोडी सपाटी, थोडा चढ. रेस द्यायची, सोडायची, थंड होऊ द्यायची. मग तेल बदलून गिऱ्हाइकाच्या हातात. माझी बायको शोभा म्हणायची, "लोकांच्या गाडयेर गाव फिरता आणि तेका काम म्हणता."

आता रोहिदास.

रोहिदास पेडणे तालुक्यातल्या हरमलचा. टेकडीवर घर, मागे पर्यटकांसाठी बांधलेल्या दोन खोल्या. किनाऱ्यावरच्या शॅकना, म्हणजे झावळ्यांच्या खानावळींना, मासळी आणि बर्फ पोहोचवायचे काम. घरापर्यंतचा रस्ता म्हणजे उभा चढ आणि मध्ये एक अरुंद, आखूड वळण. त्या वळणावर त्याची स्कूटर दम सोडायची. मागे बसलेली बायको सुनंदा खाली उतरायची आणि पायी वर जायची. पहिल्या दिवशी दोघे मिळून आले, आणि बोलली ती सुनंदाच.

"मेस्त्री, ह्या गाडयेर मासळेची पेटी बसता, बर्फ बसता. मीच तेवढी जड जातंय."

"तू जड नाय गो," रोहिदास म्हणाला. "गाडी म्हातारी जाली."

"गाडी माज्यापेक्षा धाकटी आसा," ती म्हणाली.

मी इंजिन उघडून बघितले आणि काम सांगितले. नळकांडे कापायचे, एक नंबर मोठा पिस्टन, रिंगा, हलके रोलर, क्लच. आकडा सांगितला. रोहिदासने तो अर्ध्यावर आणला. मी थोडा उतरलो, तो थोडा चढला. मग म्हणाला, "पेडण्याचो मेस्त्री ह्याच्यापेक्षा कमीत करता."

"मगे पेडण्याक जा. डिचोलेक कित्याक इलंस?"

तो उठून फाटकापर्यंत गेला. मी जाऊ दिला. तोही मुद्दाम हळू चालत होता. हे सगळे नेहमीचे, त्यात मनाला लावून घेण्यासारखे काही नसते. परत आला आणि माझ्या वहीतल्या एकेका कलमावर बोट ठेवून विचारू लागला. दोन दिवस गाडी चालवण्यापाशी त्याचे बोट थांबले.

"गाडी चालवूचे पैशे कसले, मेस्त्री? गाडी चालवूक माका येता. ता काडून टाक."

इथे नाही म्हणायला हवे होते. पण तासभर माझे एकही कलम त्याने सोडले नव्हते आणि माझे डोके तापलेले. "बरां," म्हटले, "चालव तूच."

काम चोख केले. म्हापशाच्या लेथवाल्याने नळकांडे सुरेख कापले होते. गाडी न्यायला रोहिदास आला तेव्हा मी दुसऱ्या स्कूटरखाली आडवा होतो. तो वाकून म्हणाला, "मेस्त्री, पयल्यांदा कशी चालवूची?"

मी खालूनच सांगितले, "पाचशे किलोमीटर होयपर्यंत वजन नाय, चढ नाय. मगे घेवन ये, तेल बदलूया."

"चढ अजिबात नाय?"

"एकदां सांगितलां ना!"

थोड्या वेळाने मासळीची एक पिकअप आली, त्याने आणि ड्रायव्हरने स्कूटर उचलून तिच्यात घातली आणि निघून गेले. मी ते बघितले. पेट्रोल वाचवतो, कवडीचुंबक, असे म्हणून हसलोसुद्धा.

तीन आठवड्यांनी तीच पिकअप, तीच स्कूटर. खाली उतरवून त्याने किक मारली आणि माझे गॅरेज निळ्या धुराने भरले. निळा धूर म्हणजे इंजिन तेल पिते. नव्या इंजिनाने तेल प्यावे, यासारखी नामुष्की मेस्त्रीला नाही. तीन-चार गिऱ्हाइके बसलेली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

"वजन घातलंस," मी म्हणालो.

"नाय."

"चढार पिळलंस."

"नाय, मेस्त्री. देवाशपथ. तू सांगितलंस तसांच केलंय."

मी मीटर बघितला. गाडी हातातून जाताना मीटरचा आकडा मी वहीत टिपून ठेवतो. फरक निघाला चार किलोमीटरचा. चार किलोमीटरांत इंजिनाची अशी दशा होत नाही. किनाऱ्यावर भाड्याने गाड्या देणारे काही लोक मीटरची केबल काढून गाडी फिरवतात, हे मला पक्के ठाऊक होते. रोहिदासकडे तर पर्यटकच उतरायचे. माझ्या डोक्यात सगळे चित्र तयार झाले. केबल काढली, गाडी पर्यटकांना दिली, त्यांनी ती डोंगरावर पिळली. आणि हा देवाची शपथ घेतो!

मी ते सगळे बोललो, मोठ्याने, सगळ्यांसमोर.

"मेस्त्री, आयक तरी..."

"आयकूचा काय आसा? मीटर बोलता."

"इंजिन उघडून तरी बग."

"तुजा तोंड बगलंय, तेवढां पुरे."

त्याने माझ्यासारखा आवाज चढवला असता तर मला बरे वाटले असते. म्हणाला, "बरां. तू उघडूचंस नाय, तर दुसरो कोणय उघडूचो नाय." आणि स्कूटर पुन्हा पिकअपमध्ये घातली.

आठ दिवसांनी शोभाच्या माहेरून, पेडण्याहून, बातमी आली. रोहिदासने गावच्या देवळात नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले होते. आमच्या भागात हे नवीन नाही. देवासमोर पुजारी माणसाचे म्हणणे मोठ्याने मांडतो आणि जमलेले लोक त्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. गाऱ्हाणे असे होते, की या इंजिनाचे माझ्या हातून वाईट झाले असेल तर मला दाखव, मेस्त्रीच्या हातून झाले असेल तर त्याला दाखव, आणि तू दाखवीपर्यंत या इंजिनाला दुसऱ्या कोणाचा पाना लागणार नाही.

शोभा घाबरली. मी घाबरलो नाही, असे तेव्हा सांगत होतो. खरे म्हणजे सहा महिने पाना हातात घेताना बोटांकडे बघत होतो. बोटे शाबूत राहिली. मग मी म्हणू लागलो, की देवाने निकाल माझ्या बाजूने दिला.

पेडणे तालुक्याने मात्र तो तसा वाचला नाही. हरमल, मांद्रे, धारगळ, कुठूनच गाडी येईना. 'डिचोलीच्या मेस्त्रीन रोहिदासाची गाडी मारली' एवढे एक वाक्य माझ्या वीस वर्षांच्या कामापेक्षा वेगाने धावले. माझ्या सख्ख्या मेहुण्याने आपली स्कूटर म्हापशाला नेली आणि चतुर्थीला माझ्याच घरी बसून, माझ्याच ताटात जेवून, त्या म्हापशाच्या मेस्त्रीचे कौतुक केले. त्याला मी वाढलेली खीर परत घेतली नाही एवढेच.

सात वर्षे मी हा राग सांभाळला. जो येईल त्याला सांगितले, की हरमलचा तो माणूस खोटारडा आहे, देवाच्या दारातसुद्धा खोटे बोलतो. आपली बाजू खरी आहे असे ठाऊक असले की माणूस ती सांगायला थकत नाही. मी तर जराही थकलो नाही.

गेल्या मे महिन्यातला बुधवार. पावसाळ्याची बेगमी करायला शोभा मला बाजारात घेऊन गेली, कारण भाव करायला मी लागतो. सुक्या मासळीवाल्या बायका ओळीने बसल्या होत्या. एकीपाशी सुकी सुंगटे, म्हणजे कोळंबी, चांगली दिसली. मी भाव विचारला, अर्धा केला, तिने थोडा कमी केला, मी उठून दोन पावले गेलो.

मागून आवाज आला, "मेस्त्री, तू अजून तसोच रे."

वळून बघितले. ओळखले नाही. तिने एका हाताने गुडघा धरला आणि उठून उभी राहिली. मग ओळखले. सुनंदा.

मी नवऱ्याची चौकशी केली, "घोव खंय तुजो?" बोलण्यासारखे दुसरे काही सुचले नाही.

"घराकडे. गाडयेक तेल पाजता," ती म्हणाली. "आटवड्याक एक बाटली पिता ती. तुमचो दोगांचो नारळ देवळात, आणि गुडघे माजे गेले. अजून त्या वळणार उतरतंय मी."

शोभा माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "मगे घोवान खरां बोलूचा होता. वजन घातल्यान, चढ चढवल्यान..."

सुनंदा हसायला लागली. चिडली असती तर मी उत्तर दिले असते.

"चढ? अरे, आमच्या दारातसून खंयय जावा, चढच. आधी उतार, मगे चढ. तू सांगितलंस चढ नाय, वजन नाय. डिचोलेसून घरा हाडताना चढ लागता म्हणान तेना पिकअप केल्यान. आणि घराकडे हाडून स्टँडार लायल्यान."

"स्टँडार?"

"आंगणात. मेन स्टँडार. मागचा चाक आधांतरी, आणि दिसभर चालू. वजन नाय, चढ नाय. शेजारी इचारीत, रोहिदासा, आज खंयसर पावलंस? तो म्हणे, पणजेक." तिने पदराने डोळे पुसले, हसून हसून. "सांजवेळा मीटर बगी. काटो हलूक नाय. म्हणे, पाचशे होवूक व्हये, मेस्त्रीन सांगितला हा. म्हणान आणखी चार दिस चालयल्यान. कोंबड्यो अंडी घालूच्यो बंद जाल्यो त्या आवाजान."

मी पिशवी धरून उभा राहिलो. या स्कूटरच्या मीटरची केबल पुढच्या चाकाला असते. मागचे चाक जन्मभर फिरले तरी मीटरला त्याचा पत्ता लागत नाही. ते चार किलोमीटर मधल्या तीन आठवड्यांत अंगणाच्या आसपास फिरले तेवढेच. मीटर खरे बोलत होता. रोहिदासही खरे बोलत होता. देवाने दोघांपैकी कोणालाच काही केले नव्हते, कारण खोटे दोघांपैकी कोणीच बोलले नव्हते.

मी सुंगटांचे पैसे तिने सांगितले तेवढे दिले. शोभा म्हणते, लग्न झाल्यापासून असे पहिल्यांदा घडले.

मेख काय होती ते सांगतो. रिंगा जागा धरतात त्या जोराने. इंजिनावर थोडा भार पडला, की आतला दाब रिंगांना भिंतीवर टेकवतो आणि त्या रेघांवर घासून त्या बसतात. भारच नसला तर रिंगा नुसत्या वरून सरकत राहतात आणि त्या रेघा गुळगुळीत होऊन जातात. मग मधून तेल वर चढते आणि जळते. नवे इंजिन पिळून मरते हे सगळ्यांना माहीत असते. लाडाने मरते हे फक्त मेस्त्रीला माहीत असते, आणि ते सांगण्यासाठी मला स्कूटरखालून बाहेर यायला हवे होते. वजन नाही म्हणजे बर्फाच्या दोन पेट्या नाहीत. चढ नाही म्हणजे चढावर पूर्ण रेस नाही. डिचोलीतला कोणीही माझा शब्द एवढा मनावर घेत नाही. मी शंभर सांगतो तेव्हा ते साठ पाळतात, म्हणून मी एकशेवीस सांगतो. माझा शब्द तंतोतंत पाळणारे एकच गिऱ्हाईक मला उभ्या जन्मात भेटले, आणि त्याला मी चारचौघांत खोटारडा म्हटले.

शुक्रवारी सकाळी रिंगांचा नवा जोड, पॅकिंग, घासायचे दगड आणि पाने घेऊन मी हरमलला गेलो. तो चढ आणि ते वळण तेव्हा पहिल्यांदा बघितले. माझी स्वतःची स्कूटरसुद्धा तिथे जरा कण्हली. रोहिदास अंगणात बसून जाळ्याचे भोक सांधत होता. केस पांढरे झालेले. त्याने मान वर केली, आणि पुन्हा जाळ्यात घातली.

"इंजिन उघडूक इलंय," मी म्हणालो.

"तुजा बगून जाला ना? तोंड बगून?"

सात वर्षे त्यानेही ते जपून ठेवले होते. सुनंदाने आतून एका कपात चहा आणून माझ्यासमोर ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "माणूस दारात इलो हा. आता उठ."

"आदी देवूळ," रोहिदास म्हणाला. "नारळ आसा. तो सोडवल्याबगर पानो लावूक दिवचंय नाय."

देवळात जायला आम्ही दोघे चालत निघालो. वाटेत मी त्याला म्हणालो, की तुला कळले नव्हते तर पुन्हा विचारायचे होतेस. अजूनही मला ते पटत नाही, लेख लिहितानाही पटत नाही.

"इचारलंय," तो म्हणाला. "तू म्हणालंस, एकदां सांगितलां ना."



पुजाऱ्याने देवासमोर उभे करून विचारले, काय दिसले? चूक कोणाची? रोहिदास म्हणाला, "मेस्त्रीन सांगितला ताच मी केलंय." मी म्हणालो, "ह्यान केला ता खरां. मी सांगितलंय ता अर्धा." आयुष्यात मी कोणाला इतक्या स्वस्तात सोडलेले नाही, आणि तो कोणी म्हणजे मीच होतो. पुजाऱ्याने मिटले असे सांगून गाऱ्हाणे सोडवले. तिथे झाडलोट करणाऱ्या दोन बायका तेवढ्या होत्या. त्यांनीच 'व्हय म्हाराजा' म्हटले.

अंगणात, जिथे ती स्कूटर स्टँडवर पणजीला जात होती तिथेच, मी इंजिन उघडले. रोहिदास शेजारी उकिडवा बसला. डोके काढले, नळकांडे उचलले आणि उजेडात धरून आत बघितले. रेघ एकही नाही. स्टीलच्या तांब्याच्या आतल्या बाजूसारखी चकचकीत भिंत. त्या दिवशी गॅरेजात उघडले असते तर अर्ध्या मिनिटात कळले असते. पाच मिनिटे घासून, रिंगा बदलून, तासाभरात गाडी परत दिली असती. मी नळकांडे त्याच्या हातात दिले.

"ह्या एवढ्यासाठी?" तो म्हणाला.

"ह्या एवढ्यासाठी."

त्याने ते बराच वेळ फिरवून फिरवून बघितले. मग माझ्याकडे परत देत म्हणाला, "चकचकीत मात्र केलंय हां मी."

सुनंदा हसली. मलाही हसू आले.

दगडाने घासून मी पुन्हा तिरक्या रेघा पाडल्या, रिंगा घातल्या, कार्बोरेटर साफ केला, जुने रोलर बदलले. नंतरचे दोन दिवस मी त्यांच्या मागच्या खोलीत राहिलो आणि स्कूटर स्वतः चालवली. केरीपर्यंत, मांद्र्यापर्यंत, सपाटीवर, चढावर, जोर देत, सोडत. दुसऱ्या दिवसापासून धूर गेला. रोहिदास प्रत्येक वेळी मागच्या धुराच्या नळीच्या तोंडाला हात लावून बघायचा आणि तळहात उघडून माझ्यासमोर धरायचा. कोरडा.

तिसऱ्या दिवशी सकाळी तेल बदलले आणि गाडी त्याच्या ताब्यात दिली. तो आणि सुनंदा मासळी आणि बर्फ आणायला रिकाम्या पेट्या घेऊन खाली गेले. मी दारातल्या पायरीवर कान देऊन बसलो. मेस्त्री गाडी डोळ्यांनी बघत नाही. बऱ्याच वेळाने खालून आवाज आला. चढाला लागला. भरलेली पेटी, मागे सुनंदा, सगळा बोजा. आवाज भरदार होता, एकसारखा. वळणापाशी आला आणि एकदम खाली बसला. इतके करून पुन्हा?

धावत वळणापर्यंत गेलो. गाडी चालू होती, शांतपणे, एका सुरात. रोहिदास दोन्ही पाय टेकून उभा होता आणि सुनंदा खाली उतरून पदर खोचत चालायच्या तयारीत होती.

"काय जाला?" मी ओरडलो.

"कायच जाला नाय," रोहिदास म्हणाला. "ही उतारली."

सुनंदा आपल्या पायांकडे बघत होती. "सवय रे," ती म्हणाली. "थय इलां की पाय आपोआप खाली जातत."

"बस," मी म्हणालो.

ती बसली. रोहिदासने रेस दिली, आणि गाडी पेटीसकट, बर्फासकट, तिच्यासकट वळण घेऊन वर गेली. मी मागून चालत गेलो. मलाही तो चढ सोपा नव्हता.

अंगणात पोचलो तेव्हा सुनंदा उतरून पेटी आत नेत होती आणि रोहिदास अजून गाडीवर बसून होता, दोन्ही हात हँडलवर, इंजिन चालू. मला बघून म्हणाला,

"मेस्त्री, आता स्टँडार लावू काय नको? आदी नीट सांग."

मी त्याच्याजवळ गेलो, अगदी समोर उभा राहिलो, आणि सगळे नीट सांगितले.